न बघता केलेली टिक

येळवशीची माझी यादी शहाऐंशी ओळींची आहे. दर वर्षी ती मी नव्यानं लिहून काढते. जुन्या यादीची झेरॉक्स काढली की काम सोपं होतं, पण झेरॉक्स डोळे वाचत नाहीत, तिच्यावरून घसरत जातात. हातानं लिहिलं की प्रत्येक वस्तू एकदा डोक्यातून जाते.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी लातुरात चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही, कारण सगळं शहर कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला गेलेलं असतं. आमचं शेत लातूरहून नांदेडला येताना अहमदपूरच्या थोडं अलीकडे आहे. आई-अप्पा लातुरात राहतात, मी नांदेडला. आंबिलीच्या घागरीपासून सतरंज्यांपर्यंत सगळं सामान दोन गावांतून उचलून शेतात न्यायचं आणि तितकंच परत आणायचं, ही जबाबदारी माझी. घरात सगळे माझ्या यादीला हसतात आणि सगळे तिच्यावर विसंबून असतात.

मोजणं हा माझ्या नोकरीचाही भाग आहे. नांदेडच्या एका दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. पोट उघडण्याआधी हत्यारं आणि कापडी मॉप मोजायचे, शिवायच्या आधी पुन्हा मोजायचे, शिवून झाल्यावर तिसऱ्यांदा. दोघींनी, मोठ्यानं. डॉक्टर विचारतात, "सिस्टर, काउंट?" आणि मी "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढचा टाका पडत नाही.

माझा धाकटा भाऊही मोजतो. तो शिकायला म्हणून अमेरिकेत गेला त्याला पंचवीस वर्षं होत आली. तिथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा अप्पा दोन महिने त्याच्याशी बोलले नव्हते. आता तो तिथे एका रॉकेट बनवणाऱ्या कंपनीत आहे. उड्डाणाच्या आधी रॉकेटच्या बुडाशी, इंजिनांच्या मध्ये, माणसं हत्यारं घेऊन चढतात, काम करतात, उतरतात आणि मग झाकणं बसवली जातात. आत काय गेलं, बाहेर काय आलं, याची यादी माझ्या भावाकडे असते. अप्पांनी हे ऐकून एवढंच म्हटलं होतं की इंजिनिअर होऊन शेवटी पान्हेच मोजायचे होते, तर ते आमच्या बोअरवेलवाल्याकडेही मोजता आले असते.

गेल्या येळवशीच्या चार दिवस आधी त्या कंपनीच्या नव्या रॉकेटची चाचणी होती. हे रॉकेट भावाच्या शब्दांत भारवाहू होतं. लातूरच्या मधोमध, गंजगोलाईच्या चौकात उभं केलं तर सगळं लातूर मान वर करून बघेल एवढं उंच. त्यातली नवी गोष्ट अशी की त्याचा खालचा, सगळ्यात महागडा भाग वरच्या भागाला ढकलून दिल्यावर समुद्रात पडून फुकट जाणार नव्हता. तो वळून परत येणार होता आणि किनाऱ्यावरच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर उभा राहणार होता. मग धुऊनपुसून पुन्हा वापरायचा. आईनं गल्लीत हे तिच्या पद्धतीनं समजावून सांगितलं होतं: "लग्नाला पातेलं दिलं की घासून परत येतंय ना, तसंच हाय."

तिकडच्या सकाळी सातला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला, उड्डाण होतं. त्या दिवशी सकाळी साडेसातला, मी ड्यूटीला निघताना, भावाचा फोन आला. तिकडे आदली रात्र नुकती सुरू झाली होती.

"अक्का, निघालीस का?"

"निघालेय. बोल."

"मी न बघता टिक केली."

मी पर्स खाली ठेवली.

त्याला मी थिएटरमध्ये विचारते तसेच प्रश्न विचारले. कोणती वस्तू, कधी, कुणाच्या हातात शेवटची दिसली. त्यानं नीट उत्तरं दिली. वस्तू म्हणजे एक आरसा. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीवरचा गोल आरसा, फक्त दांडी हातभर लांब. पाइपांच्या मागचं बघायला लागतो. दुपारी माणसं उतरली, हत्यारांची पेटी त्याच्यासमोर आली. पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच असते, रिकामी खाच लगेच दिसते. पण पेटीचं झाकण लावलेलं होतं, वारा सुटला होता, पुढची गाडी खोळंबली होती, आणि सोबतचा माणूस म्हणाला की सगळं आहे. भावानं इतर पेट्या उघडून पाहिल्या होत्या. ही एक उघडली नाही. टिक केली, सही केली. घरी येऊन जेवायला बसला, उतरणाऱ्यांपैकी कुणाच्याच हातात आरसा दिसला नव्हता हे आठवलं आणि घास हातातच राहिला.

"झाकणं बसली?" मी विचारलं.

"बसली. आता उघडायची म्हणजे उद्याचं उड्डाण गेलं."

याआधी दोनदा ते पुढे ढकललं गेलं होतं. वरची माणसं चिडलेली होती. प्रत्येक विभागातून माणसं कमी करायची कुजबूज चालू होती आणि भावाच्या हाताखालचे दोघं गेल्याच महिन्यात घरी बसले होते. हे सगळं त्यानं मला आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे त्या सकाळी परत सांगायची गरज पडली नाही.

"पेटी परत उघडून बघता येत नाही का?"

"पेटी घेऊन ट्रक दुसऱ्या आवारात गेला. तिकडं कुणाला बघायला सांगायचं, तर का ते सांगावं लागतंय."

"आत राहिला असला तर?"

"बहुतेक काही होणार नाही," तो म्हणाला.

बहुतेक. आमच्या थिएटरमध्ये हा शब्द कुणी काढला तर डॉक्टर हात थांबवतात.

मग तो म्हणाला, "विळा आठवला गं."

विळ्याची गोष्ट तोवर फक्त आम्हा दोघांना माहीत होती.

मी अकरा वर्षांची होते, भाऊ आठचा. तेव्हा येळवशीला भांडी चार घरांतून मागून आणायची पद्धत होती आणि परत देताना दर वर्षी गोंधळ व्हायचा. हिची पळी तिच्याकडे, तिचा तांब्या भलतीकडे. माझं अक्षर चांगलं, म्हणून अप्पांनी त्या वर्षी मला वही दिली आणि सांगितलं की नेताना लिहायचं, आणताना खूण करायची. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी बैलगाडी भरताना मी वही घेऊन चाकाजवळ उभी होते. शेतातली कोप, म्हणजे कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली पूजेची झोपडी, मोडून त्याच पेंढ्या गाडीत टाकल्या होत्या. भांडी मोजली, चादरी मोजल्या. विळ्याच्या ओळीशी आले. विळा सकाळी मी पाहिला होता. अप्पांच्या हातात होता, मग असेलच गाडीत, असं म्हणून खूण केली.

घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर आठवलं की संध्याकाळी विळा दिसलाच नव्हता. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी शाळेची घाई झाली. खरं म्हणजे घाई झाली नव्हती. पहिल्याच वर्षी वही काढून घेतील याची भीती वाटली होती. दुपारी शाळेत निरोप आला. विळा कोपीच्या पेंढीत राहिला होता आणि अप्पांनी ती पेंढी कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये घातली होती. पातं तुटलं, अप्पांचा हात आत ओढला गेला. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली.

मला कुणी विचारलं नाही. वहीतली खूण कुणी पाहिलीही नाही. मी एकट्या भावाला सांगितलं, गोठ्यामागे, रडून. मी नर्सिंगला का गेले असं कुणी विचारलं की मी भलतंसलतं कारण सांगते.

तर त्या सकाळी मी भावाला म्हटलं, "आत्ता सांग. माझ्यासारखं सकाळी सांगू म्हणू नकोस."

"नोकरी जाईल, अक्का."

"जाऊ दे," मी म्हटलं. दुसऱ्याच्या नोकरीबद्दल हे फार सहज म्हणता येतं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

दिवसभर मी थिएटरमध्ये होते. चार ऑपरेशनं झाली. मोबाइल लॉकरमध्ये होता आणि तो तिथे होता म्हणून माझे हात नीट चालले. संध्याकाळी बाहेर आले तर भावाचे दोनच शब्द होते: सांगितलं. थांबवलं. त्याखाली आईचे सहा मिस्ड कॉल.

आईला काहीच माहीत नव्हतं. तिनं गल्लीतल्या सात-आठ बायकांना टीव्हीसमोर बोलावून बसवलं होतं, शेंगा भाजल्या होत्या, चहा ठेवला होता, आणि टीव्हीवर तांत्रिक कारणानं उड्डाण लांबणीवर, एवढंच आलं. शेजारच्या काकू उठता उठता म्हणाल्या की तुमचं रॉकेट बी यष्टीवानीच हाय, लागलंय लागलंय म्हणत्यात अन् सुटत न्हाई. आईला ते फार लागलं होतं. "तू त्याला इचार, नक्की कुणाची चूक झाली म्हणून," ती मला म्हणाली. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भावाचा सविस्तर निरोप आला. झाकणं उघडली, आठ तास शोधलं, आत आरसा नव्हता. मग दुसऱ्या आवारातल्या ट्रकमधल्या पेट्या एकेक उघडल्या. आरसा भलत्याच पेटीत सापडला. भावानं ती पेटी तपासल्यावर कुणीतरी घाईत आरसा वरच्यावर टाकून पुन्हा झाकण लावलं होतं. म्हणजे टिक चुकीची होती, पण रॉकेट ठीक होतं. सगळं उगाच उघडलं होतं.

आत नव्हता हे वाचून मला आधी हायसं वाटलं. ते मिनिटभर टिकलं. पुढच्या ओळीत लिहिलं होतं की त्याला घरी थांबायला सांगितलंय, पुढच्या उड्डाणाच्या दिवशी पहाटे बोलावलंय, तेव्हा काय ते कळेल. पुढचं उड्डाण तीन दिवसांनी, आपल्या संध्याकाळी साडेसहाला. म्हणजे येळवशीलाच.

मी त्याला लिहिलं की बरोबर केलंस. त्याचं उत्तर आलं नाही.

पुढचे दोन दिवस मी यादी लिहीत होते. मला दुसरं काही येत नाही. पातेली, परात, पळ्या, भज्जीसाठी, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीसाठी, तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, कांद्याची पात, गाजरं, मेथी, चाकवत, बोरं, बेसन. वाफवलेल्या उंड्यांसाठी बाजरीचं पीठ. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ आणि ताक, ते आई आदल्या दिवशीच कालवते. चुना, पाच पांडवांच्या दगडांना लावायला. सुतळी. विळा. माझ्या यजमानांनी विचारलं की या वर्षी तू दोन-दोनदा का लिहितेयस. मी म्हटलं, पहिल्यांदा अक्षर वाईट आलं.

येळवशीच्या दिवशी आम्ही नांदेडहून सहाला निघालो. लोह्याला पेट्रोल भरलं, तिथल्या माणसानं विचारलं की शेत कुठलं. त्या दिवशी या रस्त्यावर प्रत्येक गाडीला हाच प्रश्न असतो. नऊला शेतात पोहोचलो तर लातूरची मंडळी आधीच आलेली. अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून कोपीच्या पेंढ्या उभ्या करत होते. सुतळी कापायला विळा त्यांच्याच हातात. त्यांच्या डाव्या हाताची दोन आखूड बोटं पेंढीला कशी धरतात ते मी लहानपणापासून बघत आलेय आणि बघायचं टाळतही आलेय.

आईसोबत शेजारच्या काकूही आल्या होत्या. रॉकेट आज तरी सुटतंय का ते बघायला आले, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं.

आमच्या शेतात मोबाइलला रेंज नाही. फक्त विहिरीच्या कठड्यावर उत्तरेकडच्या कोपऱ्यात उभं राहिलं की दोन काड्या येतात. मी दिवसभर काही ना काही निमित्तानं विहिरीवर जात होते. पाणी आणायला, हात धुवायला, वाटी विसळायला. भावाकडून काही नाही. आई म्हणाली, "ह्या पोरीला विहिरीचं लई पिरम आलंय आज." काकू म्हणाल्या की उतारवयात तहान वाढतेच.

पूजा झाली. पाच पांडवांना नैवेद्य झाला. यजमानांनी आंबिलीचा मोगा, म्हणजे मातीचं मडकं, खांद्यावर घेतला, अप्पा पुढे, आणि ओलगे ओलगे सालम पलगे म्हणत पिकाला आंबील शिंपडत शेताभोवती फेरी झाली. या शब्दांचा अर्थ आमच्यात कुणाला धड सांगता येत नाही, पण म्हणायचे चुकलेले नाहीत. मग जेवणं. भज्जीत उंडा कुस्करून खाताना मला दर वर्षी दोन लागतात. या वर्षी एकच संपवला आणि आईच्या नजरेतून ते सुटलं नाही. पोट बरं नाही म्हटलं. नर्स असून खोटं बोलायला पोटच सापडलं.

पाच वाजता कोप मोडायला घेतली. हा माझा तास. मी वही घेऊन गाडीच्या मागच्या दाराशी उभी राहिले. माझ्याकडे नियम असा की वस्तू माझ्या डोळ्यांपुढे धरल्याशिवाय टिक होत नाही. सगळे जण कंटाळतात पण धरतात. परात आली, पातेली आली, पळ्या आल्या. पेंढ्या एकेक झटकून बाजूला ठेवल्या.

"विळा," मी म्हटलं.

"हाय," अप्पा म्हणाले. ते बांधावर बसले होते.

"दाखवा."

"हाय म्हटलं की."

"अप्पा, दाखवा."

त्यांनी मांडीखालून विळा काढून वर धरला. मावळतीचं ऊन त्याच्यावर होतं. मी टिक केली नाही. पेन वहीवर तसंच राहिलं. चार दिवस मी भावाला सांगितलेलं वाक्य मनात घोळवत होते. आत्ता सांग, सकाळी सांगू म्हणू नकोस. त्याला मी तासाभरात सांगायला लावलं होतं आणि स्वतः चाळीस वर्षं थांबले होते.

मी अप्पांजवळ जाऊन बांधावर बसले आणि सगळं सांगितलं. वही, टिक, अंथरुणावर आठवलेलं, शाळेची खोटी घाई. हळू बोलले, पण आई चार हातांवर सतरंजीची घडी घालत होती, तिचे हात थांबलेले मला दिसले.

अप्पांनी विळा मांडीवर ठेवला. बराच वेळ त्याची धार अंगठ्यानं चाचपत बसले.

"तो विळा मीच खोचला होता की कोपीत," ते म्हणाले. "सुतळी कापली अन् कुडात खोचला. अन् पेंढी घालताना बघितली न्हाई. मी तर आजवर माझीच चूक म्हणून बसलोय."

"पण यादी माझ्याकडे होती."

"अन् मशीन माझ्याकडं होतं. दोघांनी बघायचं, दोघांनी बी बघितलं न्हाई." मग ते आईकडे वळले. "ऐकलीस का? चाळीस वर्षं तू मला वेंधळा म्हणायलीस. त्यातलं निम्मं ह्या पोरीचं हाय."

आई सतरंजी घेऊन आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये आपटून ठेवली. मला वाटलं ती रडणार. "मग त्यातल्या निम्म्या शिव्या तुम्हीच तिला द्या," ती म्हणाली. "मी काय दोनदा घालत बसू?"

काकूंना यातलं काही कळलं नव्हतं. काय झालं, काय झालं म्हणत त्या मध्ये आल्या. आईनं त्यांना विळा सापडला एवढंच सांगितलं. तो हरवला कधी होता, हे त्या अजूनही विचारतात.

मी वहीत टिक केली. हात हलका झाला होता, पण जेमतेम अर्धा. आणखी एक ओळ बाकी होती, जी वहीत लिहिलेली नव्हती. अप्पांना मी तेही सांगून टाकलं: भावानं काय केलं, मी काय सांगितलं, आरसा कुठे सापडला, आणि तिकडची पहाट होऊन गेली तरी निरोप नाही. अप्पांनी बांधावर हात टेकला. उठले आणि विहिरीकडे चालू लागले. आम्ही सगळे त्यांच्यामागे.

सव्वासहाला मी मोबाइल कठड्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात तांब्याला टेकवून उभा केला. काकू सगळ्यांत पुढे. चित्र मध्ये मध्ये गोठत होतं. समुद्राच्या काठावर ते उभं होतं, पांढरं, धुराच्या बारीक रेघा सोडत. शेवटचे आकडे आम्ही कुणीच मोठ्यानं म्हटले नाहीत. खालून पांढरा लोट उठला आणि मग ते हळूच, भरलेली गाडी चढावर निघावी तसं, वर सरकलं. आवाज आला नाही, कारण रेंज नेमकी आवाजापुरती गेली.

वर गेल्यावर दोन भाग सुटे झाले. वरचा पुढे गेला. खालचा वळला. इथे चित्र पुन्हा गोठलं आणि एका ठिपक्याकडे बघत आम्ही उभे राहिलो. मला वाटतं सगळ्यांच्या मनात एकच होतं, की आत काही राहिलंय का. मला माहीत होतं की काही राहिलेलं नाही. आठ तास शोधून बाहेर आलेलं उत्तर होतं ते. तरीही.

चित्र हललं तेव्हा ते खाली येत होतं. बुडातून आग ओकत, उभंच्या उभं. जमिनीजवळ वेग इतका कमी झाला की कुणीतरी वरून दोरीनं सोडतंय असं वाटावं. चौथऱ्यावर टेकलं, थोडं डुललं, स्थिर झालं. धूर बाजूला गेला आणि ते तिथे होतं, काळवंडलेलं, पण धड.

"आलं का परत?" आईनं विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

"सगळं आलंय का ते बघून घ्या म्हणावं."

काकू म्हणाल्या की यष्टी आज टायमावर आली. अप्पा हसले, पण नजर मोबाइलवरून काढली नाही. त्यांना रॉकेटचं काही पडलेलं नव्हतं.

अंधार पडायला लागला तशी अप्पांनी हेंडगा बांधायला घेतला. कडब्याची जाडजूड मशाल करायची, पेटवायची आणि शेताभोवती फिरवायची. त्याशिवाय येळवस संपत नाही. मी विहिरीवरून हलले नाही. यजमान हेंडगा घेऊन बांधावरून निघाले, आग पिकाच्या कडेनं सरकत गेली, वळली, आणि ती विहिरीपाशी परत येईपर्यंत मोबाइल वाजला.

एक फोटो होता. कागदावरची यादी, बत्तीस ओळी, प्रत्येकीपुढे टिक, खाली भावाची सही. कागदावर आडवा ठेवलेला दांडीचा आरसा. आणि खाली त्यानं लिहिलं होतं. पहाटे त्याला दोन कागद दिले. एक लेखी समज: न बघता खूण केल्याबद्दल. दुसरी आजची यादी. वरच्या साहेबांनी सांगितलं की पहिल्यावर सही कर आणि दुसरी घेऊन वर जा, तुझ्याशिवाय आज कुणी मोजणार नाही. ज्याला एकदा घास गिळवला नाही, तो आता झाकण उघडल्याशिवाय राहणार नाही, असं ते म्हणाले. त्यानं बत्तीस वस्तू हातात घेऊन मोजल्या होत्या. त्यात वेळ गेला आणि मग मोबाइल बाहेर जमा करावा लागला, म्हणून निरोप नाही.

मी हे वाचून दाखवलं. समज मिळाली तेवढं वगळावं असं एकदा मनात आलं, पण वाचलं. अप्पांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पान्हे मोजायला बी अक्कल लागती म्हणायची." भावाला हे मी लगेच कळवलं, शब्दाला शब्द. पंचवीस वर्षांत त्याच्या नोकरीबद्दल अप्पा एवढं चांगलं कधी बोलले नव्हते.

निघायच्या आधी गाडीच्या दिव्यात मी यादी शेवटची पडताळली. शहाऐंशी ओळी, शहाऐंशी टिका. आणि डिकीत एक पळी जास्तीची.

सगळे थकले होते. यजमान म्हणाले की कमी तर काही नाही ना, मग चल. पण आमच्या थिएटरमध्ये जास्तीचं निघालं तरी काउंट चुकलेलाच धरतात. मी पळी दिव्यापुढे धरून सगळ्यांना विचारलं. काकूंनी पाचव्या वेळी विचारल्यावर कबूल केलं की त्यांनीच पिशवीतून आणली होती, भज्जी ढवळायला आमच्या पळ्या त्यांना आखूड वाटतात.

सत्त्याऐंशीवी ओळ लिहिली, पळी काकूंच्या हातात देताना बघितली, टिक केली. मग म्हटलं, चला.